शिळी बिअर, एक बादली

एफ्राइमच्या जुन्या सभागृहातले बाक
ओकचे नाहीत.
हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि गाव
दर रविवारी त्यांच्यावर
ओकचे समजूनच बसतं.

या खोऱ्यात बाक होईल एवढा ओक कधी नव्हताच.
वर डोंगरात पाइन, खाली सेजची राखाडी झुडपं,
आणि हातगाड्या ओढत आलेली माणसं,
डेन्मार्कमधलं एखादं चर्च
अजून डोळ्यांत धरून.
पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात.
त्यांनी मग लाकडाचं आणलं.

येन्स ब्रेग्नबाले, आईचा पणजोबा.
पिवळ्या अस्तरावर तपकिरी हात मारायचा,
तो ओला आहे तोवर कंगवा ओढायचा,
अंगठ्याला चिंधी गुंडाळून
मधूनमधून पुसायचा थोडं,
की ओकच्या अंगावरचे ते चमकते डाग उठायचे.
ओक त्याने शेवटचा पाहिला
तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

दीडशे वर्षांत पाठींनी तो घासून काढला.
जिथे भक्ती जास्त, तिथे पाइन जास्त उघडा.
किंवा जिथे डुलक्या जास्त.
मी तो पुन्हा काढते आहे, ताशी बावीस डॉलर.
अकरा वर्षं मी इथे आले नव्हते.
नाव मात्र वहीत आहे,
आई काढू देत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपाशीपोटी,
एकेक जण इथे उठून म्हणायचा: मला ठाऊक आहे.
चार वर्षांची पोरंसुद्धा, आईने कानात सांगितलेलं,
मला ठाऊक आहे.
मला वाटायचं.
कधी खूप वाटायचं, कधी दोन-दोन महिने नाही.
पण "मला वाटतं" म्हणायला
कुणी उठलेलं मी पाहिलं नाही.

हिशेबाच्या जुन्या वहीत, १८७९च्या पानावर:
ब्रेग्नबाले यांस, बाकांच्या रंगासाठी,
शिळी बिअर, एक बादली.
खाली, आठवड्याने: आणखी एक बादली.
त्याखाली, वेगळ्या शाईत:
बंधू ब्रेग्नबाले यांच्याशी बोलावे.

पाण्यात कालवलेला हा रंग ओघळतो,
शिळ्या बिअरमध्ये धरून राहतो.
दुसरं कारण नाही. निदान माझं नाही.

आई दुपारी बटाट्यांचा कॅसरोल घेऊन आली,
वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा, कुणी गेल्यावर करतात तसा.
दारातच थांबली. "वास कसला गं?"
मी वही दाखवली.
चष्मा पुसून तिने दोनदा वाचलं.
चौऱ्याहत्तर वर्षं. चहा नाही, कॉफी नाही,
लग्नातसुद्धा लिंबूसरबत.
तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला, बसली ती,
बाबा गेले तेव्हा जिथे बसली होती,
आणि हाताखालच्या पट्टीवरून
बोट फिरवत राहिली.
मला वाटलं, आता रडेल.

"किती दिवसांनी शिळी होते?" तिने विचारलं.
तीन-चार. उघडी ठेवायची, ऊब हवी.
"इथे नको. पोरं येतात.
माझ्याकडे ठेव."

म्हणून आता आईच्या तळघरात,
वर्षभराच्या गव्हाच्या बादल्या
आणि पीचच्या बरण्यांच्या मधोमध,
दोन डबे आहेत. उघडे. वर बशी,
माशी पडू नये म्हणून.
काल बिशपची बायको वर्डेल
बरणी मागायला खाली उतरली,
बराच वेळ वर आली नाही.
आली तेव्हा हातात बरणी नव्हती.

"लारू, हे कोण पितं?"

"बाक," आई म्हणाली,
आणि पीच आणायला
स्वतःच खाली गेली.